उगवतीचा पुरावा

वर्षाचा आरंभ मावळत्या सूर्याने करू नये, हे विधान शैलेंद्र खांबेटेने आयर्लंडमधल्या मराठी मंडळाच्या सभेत केले, तेव्हा त्यामागे कसलीही महत्त्वाकांक्षा नव्हती. सभा लांबली होती, बटाटेवडे गार झाले होते आणि पुढच्या वर्षाच्या, म्हणजे २०२०च्या दिनदर्शिकेचे मुखपृष्ठ एवढा एकच विषय उरला होता. गेली काही वर्षे ते मुखपृष्ठ गॉलवेच्या डॉक्टर अभिजित राजोपाध्ये यांच्या छायाचित्राने सजत असे. डॉक्टर भूलतज्ज्ञ होते, छायाचित्रकार म्हणून उत्तम होते, आणि पश्चिम किनाऱ्यावर राहत असल्यामुळे त्यांच्या वाट्याला फक्त समुद्रात बुडणारा सूर्य येत असे. तो त्यांनी नारिंगी, जांभळा आणि केशरी अशा तीन रंगांत मंडळाला आजवर अर्पण केला होता.

"एक जानेवारीला भिंतीवर टांगायची वस्तू, आणि तिच्यावर सूर्यास्त? बरं दिसत नाही हो," शैलेंद्र म्हणाला.

मंडळाच्या चिटणीस निशिगंधाताईंनी वहीतून मान वर केली. निशिगंधाताई सिटीवेस्टमधल्या एका कंपनीत मोठमोठे प्रकल्प वेळेत पार पाडण्याचे काम करीत. जो उणीव दाखवील त्याच्याच गळ्यात ते काम बांधायचे, ही त्यांची कार्यपद्धती सर्वांना ठाऊक होती. शैलेंद्रलाही होती. पण माणूस बोलून जातो.

"मुद्दा पटला. मग उगवता तुम्ही द्या. तुम्ही पूर्वेकडचेच आहात."

"वा, झकास!" म्हणून सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या त्या डॉक्टर अभिजितनी, आणि शैलेंद्रला हेच फार लागले. प्रतिस्पर्धी जळफळत असेल तर लढण्यात काही अर्थ असतो. तो मनापासून आनंदित झाला तर माणसाने करायचे काय? शिवाय निशिगंधाताईंनी पुस्ती जोडली, की छापखान्याला मुखपृष्ठ दिवाळीच्या रविवारी दुपारपर्यंत हवे आहे, आणि ते न आल्यास डॉक्टरांचा नवा सूर्यास्त तयार आहेच. "हो, हो, मी पाठवूनच ठेवतो. शैलेंद्रला उगाच टेन्शन नको," डॉक्टर म्हणाले. या प्रेमळ वाक्यानंतर माघार घेणे शक्य नव्हते.

पूर्व किनाऱ्याजवळच्या ओंगारच्या घरी परतल्यावर शैलेंद्रची पत्नी मेधा हिने वस्तुस्थितीची जाणीव करून दिली. "तू सकाळच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून पांघरुणातून हजर असतोस. सूर्य उगवतो हे तुला ऐकूनच माहीत असणार."

पण शैलेंद्र हा अभ्यासू माणूस होता. त्याने इंटरनेटवर एक व्याख्यानमालाच ऐकून काढली. तीत एक दाढीवाला गृहस्थ प्रत्येक वाक्यागणिक 'फोरग्राउंड, फोरग्राउंड' असे बजावत असे. नुसता सूर्य म्हणजे चित्र नव्हे. पुढच्या भागात काहीतरी हवे, ज्यावर नजर टेकेल आणि मग हळूहळू क्षितिजाकडे जाईल. शैलेंद्रला हे तत्त्व पटले. पटलेले तत्त्व आचरणात आणण्यासाठी स्केरीजच्या किनाऱ्यावर तो पहिल्या खेपेला गेला, तेव्हा मात्र फोरग्राउंडला ठेवायला पाण्याखेरीज काहीच नव्हते. तरी सूर्य चोख आला होता. त्याने तो फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. हात जोडलेली चित्रे आली, फुले आली, आणि मग निशिगंधाताईंचा प्रश्न आला.

"सुंदर! पण हा उगवताना आहे कशावरून?"

"मी स्वतः तिथे होतो," शैलेंद्रने उत्तर दिले.

"कॅलेंडरवर तुम्ही नसणार ना."

हा आघात अनपेक्षित होता. शैलेंद्रने आपला फोटो आणि डॉक्टरांचा जुना फोटो शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. समुद्र तोच, गोळा तोच, नारिंगी रंग तोच. ईश्वराने सकाळ आणि संध्याकाळ घडवताना एकाच साच्याचा वापर केला होता, आणि त्याचा खुलासा करण्याची जबाबदारी ओंगारच्या एका सॉफ्टवेअर अभियंत्यावर टाकली होती. केवळ नजर टेकेल असे फोरग्राउंड आता पुरणार नव्हते. सकाळ झाली आहे, असे शपथेवर सांगणारे फोरग्राउंड हवे होते.

शेजारी डेक्लन राहत असत. बसचालकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते कुंपणावर कोपर टेकून सल्ले देत. इथल्या रीतीप्रमाणे कोणत्याही त्रयस्थ इसमाला ते 'युवर मॅन' म्हणत आणि सूर्यालाही त्यांनी या नियमातून वगळले नव्हते.

"युवर मॅन वर येताना पुढ्यात कुत्रा बसव. सकाळी कुत्र्याला फिरवतात. याहून मोठा पुरावा कोणता?"

"इथे लोक संध्याकाळीही फिरवतात," शैलेंद्र म्हणाला.

"खरंय. पण संध्याकाळी कुत्रा दमलेला दिसतो."

या युक्तिवादात कुठेतरी खोट होती, पण ती सापडेपर्यंत शैलेंद्रच्या गाडीत डेक्लन आणि त्यांचा बिस्किट नावाचा टेरियर बसलेलेही होते. बिस्किट खडकावर छान बसला. अडचण एवढीच, की तो केवळ आपल्या धन्याकडे तोंड करून बसत असे. धनी पाण्याकडे गेला की धनी फोटोत येई. धनी मागे उभा राहिला की बिस्किट भिजलेले अंग झटकत कॅमेऱ्यावर धावून येई. अखेर जे चित्र मिळाले, त्यात कुत्र्याचा पार्श्वभाग होता, डेक्लन यांचा एक बूट होता, आणि त्या दोहोंच्या मधोमध भगवान सूर्यनारायण. शैलेंद्रची कन्या ईशानी ते पाहून म्हणाली, "बाबा, दॅट्स ब्रिलियंट, सेंड इट!" तिच्या शाळेत या चित्राचे स्वागत झालेही असते, मंडळात झाले नसते.

आता सल्ल्यांना पूर आला. ओंगारमधल्याच स्वरांगीने सांगितले, दुधाचा कॅन ठेवा. कुणी टूथब्रश सुचवला. चहाचा वाफाळता कप सर्वानुमते पसंत पडला. मग कुणीतरी आठवण करून दिली, की चहा आपण पाच वाजताही पितो. वर्तमानपत्र वाऱ्याने उडाले. एका खेपेला गोल खडक फार सुरेख सापडला, पण घरी मेधा म्हणाली, "बटाटा कशाला ठेवलास?" आणि त्यानंतर तो कुणालाही खडक दिसेना, शैलेंद्रलाही नाही.

तोडगा काढला तो सासूबाईंनी. उर्मिलाबाई कोल्हापूरहून दिवाळीसाठी आल्या होत्या. जावयाची ही धडपड त्या सोफ्यावरून सहानुभूतीने पाहत असत.

"जावईबापू, एक विचारू का? नरकचतुर्दशीला दिवस उगवायच्या आत अंघोळ करून, नवं नेसून, पणत्या घेऊन बायका संध्याकाळच्या उभ्या ऱ्हातात व्हय?"

शैलेंद्र खुर्चीवरून उठलाच. अभ्यंगस्नान! ओले केस, उटण्याचा हात, तबकात पणत्या. मराठी माणूस हे बघताच सकाळ ओळखणार. पंचांग पाहिले तर यंदा नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, आणि तो दिवस म्हणजेच छापखान्याचा रविवार. योग असा जुळला होता, की शैलेंद्रला क्षणभर आपण निवडले गेलो आहोत असे वाटले.

योजना अतिशय साधी होती. मेधाने पैठणी नेसून, तबक घेऊन, पाण्याच्या कडेला पाठमोरे उभे राहायचे. पण मेधाने सहज स्वरांगीला विचारले, की तबक तुझे आणू का, त्याला नक्षी बरी आहे. स्वरांगी म्हणाली, तबकाबरोबर मीही येते. स्वरांगी येणार म्हणून तिच्या जावा-नणंदा म्हणाव्यात अशा चार मैत्रिणी. त्यांचे यजमान गाडी चालवायला. मग 'यंदा आपली दिवाळी पहाट समुद्रकिनारी' असा संदेश निशिगंधाताईंनीच गटावर टाकला. त्यात फराळ कोणी काय आणायचा याची वाटणीही होती. छायाचित्राचा उल्लेख शेवटी होता. डॉक्टर अभिजितनी कळवले, की ते गॉलवेहून अंधारातच निघून आख्खा देश आडवा पार करून हजर होतील. "तुझा सूर्य बघायलाच येतोय, मित्रा!"

इतकी माणसे सार्वजनिक किनाऱ्यावर जमवायची तर परवानगी हवी, असे शैलेंद्रला वाटले. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सरकारकडे मागणे, हा त्याचा जुना गुण. त्याने संबंधित कार्यालयाला फोन लावला. एक आवाजाने प्रेमळ वाटणारी बाई लाभली.

"किती माणसं असतील?"

"आधी एकच होतं. आता साधारण पस्तीस."

"धार्मिक कार्यक्रम आहे का?"

"नाही. म्हणजे स्नान धार्मिक आहे. पण ते घरी."

"समुद्रात उतरणार का?"

"छे! आम्ही आंघोळ करून येणार."

पलीकडे काहीतरी टंकण्याचा आवाज झाला आणि थांबला. "नीट समजून घेते हां. तुम्ही सगळे घरी आंघोळ करणार, समुद्रावर येणार, आणि समुद्रात जाणार नाही."

"बरोबर."

"काही पेटवणार आहात?"

"पणत्या."

"त्या काय असतात?"

शैलेंद्रने प्रामाणिकपणे शब्द शोधला. "लहान आग. मातीच्या वाटीत."

"आणि मग?"

"मग चकली खाऊन घरी."

"अहो, मग काय, यू आर ग्रँड," बाई मोकळेपणाने म्हणाल्या.

'ग्रँड' हा शब्द या देशात फार कामाचा आहे. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी 'ग्रँड', चहा नको असला तरी 'ग्रँड', आणि पायावर पाय पडला तरी 'ग्रँड'. एवढ्या व्यापक शब्दावर पस्तीस माणसांचा भार टाकणे शैलेंद्रच्या संस्कारांत बसेना. त्याने हेच लेखी मिळेल का, असे विचारले. "काय लिहू? की तुम्ही आंघोळ केलेली आहे?" बाईंनी विचारले. त्यांचा हेतू खरोखर मदतीचाच होता. शैलेंद्रने आभार मानून फोन ठेवला.

आणखी एक गोष्ट राहिली होती. नेमक्या त्याच रविवारी पहाटे इथली घड्याळे हिवाळ्यासाठी एक तास मागे जायची होती. शैलेंद्रने आदल्या दिवशी गटावर सूचना दिली : 'उद्या वेळ बदलत आहे. सर्वांनी लक्षात घेऊन यावे.' लक्षात काय घ्यायचे, हे लिहायचे मात्र राहून गेले. परिणामी ज्यांनी स्वयंपाकघरातल्या घड्याळावर विश्वास ठेवला ते तासभर आधी आले, आणि फोनने आपोआप मागे गेलेले घड्याळ ज्यांनी स्वहस्ते आणखी मागे नेले ते फराळालाच पोचले. खुद्द शैलेंद्रचे कुटुंब उर्मिलाबाईंच्या कोल्हापुरी गजरावर चालत असल्याने पहिल्या तुकडीत होते. कारीट इथे मिळत नाही, म्हणून दाराशी ब्रसेल्स स्प्राउट पायाखाली चिरडून ते निघाले होते. ओल्या केसांनी, मिट्ट काळोखात, समुद्राच्या वाऱ्यात उभे राहिल्यावर नरकासुराची कल्पना सर्वांना नेहमीपेक्षा स्पष्ट आली.

हळूहळू गाड्या येऊ लागल्या. डॉक्टर आले, ते पायांत गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि हातात सगळ्यांसाठी चहाचा भलामोठा थर्मास घेऊन. पूर्वेला फिकट रेघ उमटली. ढग नव्हते, आयर्लंडात ही गोष्ट स्वतंत्रपणे नोंदवण्याजोगी आहे. पणत्या वाऱ्याने टिकेनात, तेव्हा मंडळींनी अंगाचा आडोसा केला. शैलेंद्रने कॅमेऱ्याची तिपाई रोवली, स्त्रियांना पुढे उभे केले, मागे पाण्याच्या कडेने पुरुष, त्यामागे समुद्र. दाढीवाल्या गृहस्थाने पाहिले असते तर त्याचे डोळे भरून आले असते. शैलेंद्रने चाचणी म्हणून एक फोटो घेतला, आणि सगळेजण तो बघायला धावले.

"ही कोण?" स्वरांगीने विचारले.

"ती तू."

"मी? अहो, हा खांब आहे."

"उजेड मागून आहे ना. त्याला सिल्हूट म्हणतात. आकृती काळी येते. फार कलात्मक मानतात ते," शैलेंद्रने समजावले.

"काळी? भावजी, मी पहाटे उठून पैठणी नेसले ती काळी दिसायला? मग गाउनवरच आले असते की!"

कुजबुज सुरू झाली. नवा कुडता दिसत नाही, नथ दिसत नाही, आईला भारतात फोटो पाठवायचा तर ही मी असे बाण काढून दाखवावे लागेल. मेधानेसुद्धा, जी या सर्व प्रकरणात पतीच्या बाजूने असायला हवी होती, नजर चुकवली. उर्मिलाबाईंनी निकाल दिला.

"जावईबापू, तोंडं दिसंनात तर त्यो फोटो कशाचा? उजेड पुढनं पायजे."

"पण उजेड पुढून म्हणजे सूर्य तुमच्या समोर. मग तो फोटोत कसा येणार?"

"ते तुम्ही बघा काहीतरी. वेळ कमी आहे," निशिगंधाताई म्हणाल्या. त्यांच्या कार्यालयात अनेक अशक्य गोष्टी याच वाक्याने मार्गी लागल्या असाव्यात. त्यांनी लगेच हात वर करायला सांगितले, आणि ज्या कलेसाठी शैलेंद्र महिनाभर झटला होता ती एक मत सोडून बाकी सर्व मतांनी पराभूत झाली. कलेच्या बाजूने पडलेले ते एकमेव मत त्याचे नव्हते. गोंधळात त्याचा हात तिपाई धरण्यात अडकला होता. ते डॉक्टरांचे होते.

समाजाने पाठ फिरवली, म्हणजे अगदी शब्दशः किनाऱ्याकडे पाठ करून तो समुद्राकडे तोंड वळवून उभा राहिला. आता त्याचा फोटो काढायचा तर एकच जागा उरत होती, आणि ती पाण्यात होती.

"माझे बूट घे. थंड आहे रे पाणी," डॉक्टर म्हणाले.

"नको, ठीक आहे," शैलेंद्र म्हणाला. ज्याचा सूर्यास्त हटवायचा त्याच्याच बुटांत उभे राहून सूर्योदय टिपणे त्याच्या स्वाभिमानाला मानवेना. त्याने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो आयरिश समुद्रात उतरला. पहिल्या क्षणी त्याला पाय आहेत असे वाटले. त्यानंतर वाटले नाही.

"डावीकडचे येताहेत का सगळे?" निशिगंधाताई ओरडल्या.

"नाही!"

"मग अजून मागे जा!"

छायाचित्रकाराने लोकांना 'मागे सरका' म्हणावे अशी जगरहाटी आहे. इथे पस्तीस माणसे हातवारे करून एका छायाचित्रकाराला समुद्रात ढकलत होती. तिपाई वाळूत रुतून कलंडली. ती तशीच सोडून त्याने कॅमेरा हातात घेतला. "अजून थोडं! चकलीचा डबा येतोय का? तो येऊ देऊ नका!" आणि तेवढ्यात काहीतरी घडले. समोरच्या सगळ्या तोंडांवर एकाएकी सोन्याचे पाणी चढले. नथीतले मोती उजळले, ओले केस चमकले, पणत्यांच्या ज्योती फिक्या पडल्या. "आला! आला!" असा कल्ला झाला. शैलेंद्रने बोट चापावर ठेवले, आणि त्याच क्षणी पाठीमागून आलेली लाट कमरेच्या वर चढून विजारीत शिरली.

"आई गं!" त्याच्या तोंडून जे निघाले ते पूर्वी कधीही इतक्या आर्ततेने निघाले नव्हते. बोट चापावरच आवळलेले राहिले आणि कॅमेरा खटाखट चालत राहिला. किनाऱ्यावर समाज पोट धरून हसत होता.

डॉक्टर धावत पाण्यात शिरले आणि त्याला हाताला धरून बाहेर आणले. कुणीतरी शाल पांघरली, कुणीतरी चहा दिला. दात वाजत असतानाच शैलेंद्रने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर सगळी चित्रे उलटून पाहिली. एकातही सूर्य नव्हता. कसा असणार? महिनाभर ज्याच्यामागे तो धावला, तो आज त्याच्या पाठीमागे उगवून मोकळा झाला होता.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "निशिगंधाताई," तो म्हणाला, आणि आवाज शक्य तितका स्थिर ठेवला, "मला सूर्योदय मिळाला नाही. डॉक्टरांचाच छापा. खरंच चांगला आहे तो."

मग डॉक्टरांनी त्याच्या हातातून कॅमेरा घेतला, एका चित्रापाशी थांबले, आणि नुसतेच निशिगंधाताईंपुढे धरले. पाठोपाठ गर्दी झाली. जो तो आधी स्वतःला शोधी, मग नवऱ्याला, मग मुलांना. स्वरांगीची पैठणी दिसत होती. उर्मिलाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मेधा, लग्नाच्या फोटोतही जी गंभीर होती, ती मान मागे टाकून अशी हसत होती की शैलेंद्र थंडी विसरून तिच्याकडेच पाहत राहिला.

"फोटो फर्मास आहे. पण यात सूर्य कुठंय?" निशिगंधाताईंनी कर्तव्य म्हणून विचारलेच.

"अगं बाई," उर्मिलाबाई म्हणाल्या, "मग तोंडावर ह्यो उजेड कुणाचा हाय? समुद्रात बल्ब लावलावता व्हय आमच्या जावयानं?"

"आणि माझे सगळे सूर्यास्त कुणी उगवते म्हणून खपवले असते तरी चाललं असतं," डॉक्टर म्हणाले. "हा फोटो संध्याकाळचा म्हणून कुणी खपवून दाखवावा."

निशिगंधाताईंनी चित्र तिथूनच छापखान्याला रवाना केले आणि चिवड्याचा डबा उघडला.

डिसेंबरात दिनदर्शिका घरोघर पोचली. मागच्या पानावर निशिगंधाताईंनी चार ओळी लिहिल्या होत्या : 'तेजाच्या पहिल्या किरणाला हसतमुखाने सामोरा जाणारा आपला समाज.' लिमेरिकहून फोन आले, कॉर्कहून आले. एवढ्या माणसांच्या चेहऱ्यांवर असा निर्मळ, एकाच वेळी उमललेला आनंद आणायला नेमके काय केलेत, असे एका जाणकार गृहस्थांनी फारच आदराने विचारले. खरे सांगायचे तर विजारीपासून सुरुवात करावी लागली असती. शैलेंद्रने नम्रतेने घसा साफ केला.

"विशेष काही नाही," तो म्हणाला. "थोडा मागे गेलो, एवढंच."